कर्दळ लावताय? मग तोडायची तयारी ठेवा

कर्दळीबद्दल लोक माझ्याकडे ज्या तक्रारी घेऊन येतात, त्यांत "मेली" ही तक्रार जवळजवळ नसते. "पानं भरघोस, पण फूल एक नाही" ही असते, नाहीतर "पहिल्या वर्षी छान फुलली, आता नुसतं रान माजलंय" ही असते. खोदून विचारलं की बहुतेक वेळा दोनांपैकी एक निघतं: ऊन कमी पडतंय, किंवा तोडताना हात आखडतोय.

आमच्या सांगलीच्या घरी मागच्या दारी मोरीचं पाणी जिथे मुरायचं तिथे कर्दळ होती. लाल, बारीक फुलांची, देशी. तिला कोणी कधी खत घातल्याचं मला आठवत नाही. आजी मात्र भांडी घासता घासता फुलून गेलेला दांडा दिसला की उठायची, विळ्याने बुंध्यातून छाटायची आणि पुन्हा भांड्यांपाशी बसायची. ती नेमकं काय करत होती, हे मला पुण्यात गच्चीवर स्वतः कर्दळ लावून दोन वर्षं फुलांची वाट पाहिल्यावर कळलं.

आधी ओळख करून घ्या

नर्सरीत कर्दळ मागितलीत तर काही ठिकाणी माळी तुमच्याकडे बघत राहील. तिथे तिला 'कॅना' किंवा 'कॅना लिली' म्हणतात. लिलीशी तिचं काही नातं नाही. घरात मांजर असेल तर हा फरक कामाचा आहे, कारण खरी लिली मांजरांच्या जिवावर बेतते, कर्दळ विषारी नाही. तिचे खरे नातेवाईक म्हणजे केळ, हळद, आलं, हेलिकोनिया. पान सुरळी होऊन वर येतं आणि मग उलगडतं ते केळीसारखं, जमिनीखाली गड्डा पसरतो तो हळदीसारखा. ज्याने परसात केळ आणि हळद सांभाळली आहे, त्याला कर्दळीचं निम्मं शास्त्र आधीच येतं.

शास्त्रीय नाव कॅना इंडिका. लिनियसने १७५३ मध्ये ते दिलं. नावात 'इंडिका' असली तरी झाड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. त्यामुळे श्रीशैलम्‌जवळचं कर्दळीवन आणि आपल्या कुंपणापाशी उभी असलेली कर्दळ यांचा नावापलीकडे संबंध जोडू नये. कदली म्हणजे संस्कृतात केळ.

एक फूल तोडून तळहातावर घ्या. देठाशी तीन छोटी निदलं दिसतील, त्यांच्या आत तीन अरुंद, टोकदार, फिकट पाकळ्या. खऱ्या पाकळ्या एवढ्याच. ज्या रंगीत, लहरी भागासाठी आपण कर्दळ लावतो तो म्हणजे पसरट झालेले वांझ पुंकेसर. त्यांतल्या एकाच्याच कडेला अर्धा परागकोश चिकटलेला असतो, बाकी सगळा थाट. म्हणूनच हे फूल कसंही धरा, त्याच्या दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत.

बेणं कुठून आणायचं

पहिल्यांदा लावणाऱ्याने शक्यतो विकत आणू नये. ओळखीत कोणाकडे तरी कर्दळ असतेच, आणि तिचे गड्डे त्या माणसाला जास्तच झालेले असतात. पावसाच्या तोंडावर मागायला जा, पिशवीभरून मिळतील. फक्त मागताना झाड फुललेलं असताना पाहून ठेवलेलं बरं, म्हणजे रंग कळतो आणि पानंही तपासता येतात.

बुटकी, मोठ्या फुलांची हवी असेल तर मात्र नर्सरी गाठा. या संकरांचा इतिहास फ्रान्समध्ये सुरू होतो. १८४० च्या दशकात तेओदोर आने यांनी पहिले संकर केले, पुढे ल्योंच्या क्रोझी यांनी झाड ठेंगणं आणि फूल मोठं करत नेलं. आपल्याकडे कोलकात्यात अलिपूरला अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी आहे, १८२० ची. तिथे सिडनी पर्सी-लँकेस्टर यांनी कॅनाचे नवे संकर तयार केले. नर्सरीतल्या पाट्यांवर दिसणारी दोन-तीन नावं सांगते. 'लुसिफर' ठेंगणी, लाल फुलाला पिवळी किनार. 'क्लिओपात्रा'च्या एकाच फुलात पिवळा आणि लाल रंग वाट्टेल तसे वाटलेले असतात, आणि कधी हिरव्या पानावर मध्येच जांभळा पट्टा उमटतो. 'बेंगॉल टायगर' म्हणून मिळते तिच्या हिरव्या पानांवर पिवळ्या रेघा असतात, फूल केशरी. फूल नसलं तरी ती बघावीशी वाटते. पाटीवर मात्र फार विश्वास ठेवू नका. मी 'पिवळी' म्हणून आणलेली एक गेली चार वर्षं गुलाबी फुलते आहे.

विकत घ्या नाहीतर मागून आणा, पानं उजेडात धरून बघा. शिरांना समांतर फिकट पिवळ्या रेघा किंवा ठिपक्यांचे पट्टे असतील आणि पान चुरगळल्यासारखं वेडंवाकडं असेल, तर तो विषाणू असण्याची शक्यता मोठी. त्याला औषध नाही आणि तो गड्ड्यातून पुढच्या झाडात जातो. रेघा असलेल्या जातीत हे ओळखणं अवघड. तिथे एक खूण धरा: जातीच्या रेघा ठसठशीत आणि पानभर असतात, रोगाच्या पुसट, तुटक आणि एखाद-दुसऱ्या पानावर जास्त.

जागा आणि मुहूर्त

ऊन किमान सहा तास. यात तडजोड केलीत तर झाड जगेल, उंच होईल, पानं मोठी धरेल आणि फुलणार नाही. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत कुंडी ठेवली होती, कारण तिथे नळ जवळ होता. कुंडी उचलून पलीकडच्या कोपऱ्यात ठेवली आणि त्याच पावसाळ्यात पहिला तुरा आला.

पाणथळ जागा चालते. अंगणात जिथे पाणी साचतं म्हणून दुसरं काही लावता येत नाही, ती जागा कर्दळीला द्या. मोरीच्या पाण्यावर ती वाढते, हे तर घरोघरी माहीत होतं. आता सांडपाणी शुद्ध करायच्या वाफ्यांमध्येही ती मुद्दाम लावतात. खडी-वाळूच्या थरातून पाणी सावकाश जातं, मुळांवर आणि खडीवर वाढणारे जिवाणू घाण कुजवतात आणि झाड त्यातलं खत शोषून घेतं. घरी मोरीचं पाणी सोडणार असाल तर ब्लीच, अ‍ॅसिड असलं काही त्यातून जाऊ देऊ नका, आणि डबकं न होता पाणी मुरतंय ना ते बघा, नाहीतर फुलांआधी डास येतील.

लावायचे मोसम दोन. मे अखेर ते जून, पहिला दमदार पाऊस झाला की. किंवा थंडी सरल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाणी द्यायची सोय असेल तर. नवख्याने जूनच धरावा, पाऊस बरंच काम करून टाकतो.

लावायचं कसं

गड्डा हातात घेतला की त्यावर फुगीर, टोकदार कोंब दिसतील. ऊस किंवा बटाटा लावणारे त्याला डोळा म्हणतात, तोच शब्द इथे चालेल. प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे हवेत. हळदीला बेण्यासाठी ठसठशीत जेठे गड्डे निवडतात, तसे इथेही जाड, टणक तुकडे निवडा. पिचपिचीत, आतून तपकिरी झालेले फेकून द्या. कापलेल्या तोंडाला चुलीतली राख किंवा हळद चोपडून सावलीत एक दिवस सुकू दिलं की कुजण्याची भीती कमी होते.

जमीन फूटभर खोल खणून घ्या. काळी, चिकट माती असेल तर तेवढंच शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. कोकणातली तांबडी माती पाणी धरत नाही, तिथे शेणखत आणि पालापाचोळा जास्त घाला. निंबोळी पेंड मूठभर. गड्डा आडवा ठेवायचा, डोळे वर, त्यावर माती तीन-चार इंच. फार खोल पुरला तर कोंब यायला उशीर होतो, वरवर ठेवला तर झाड मोठं झाल्यावर वाऱ्याने कलतं. दोन गड्ड्यांत दीड ते दोन फूट अंतर. लावताना हे अंतर फार वाटतं, आणि हमखास मध्ये एखादा गड्डा खुपसावासा वाटतो. खुपसू नका, दुसऱ्या वर्षी तिथे बोट घालायला जागा उरत नाही.

पाणी एकदा भरपूर द्या, मग कोंब दिसेपर्यंत बेताने. मातीत ओल हवी, चिखल नको. या काळात खाली मुळं नसतात, त्यामुळे जास्तीचं पाणी गड्ड्यालाच कुजवतं. पाणथळ जागा चालते ती रुजलेल्या झाडाला. कोंब दोन-तीन आठवड्यांत वर येतात आणि सगळं नीट जमलं तर लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत पहिला तुरा.

रोजचं

पाऊस नसेल तेव्हा जमिनीतल्या झाडाला एक दिवसाआड, कुंडीतल्याला रोज, एप्रिल-मे मध्ये दोन वेळा. पानांच्या कडा करपायला लागल्या की पाणी कमी पडतंय असं समजा. खाऊ झाड आहे: महिन्यातून एकदा बुंध्याभोवती दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत, आणि फुलं येत असताना चिमूट-दोन चिमूट लाकडाची राख. युरिया नको. त्याने पान हिरवंगार होतं आणि तुरा मागे पडतो.

आता मुख्य काम: तोडणी

केळीला घड आला, उतरवला, की तो बुंधा आपण तोडून टाकतो. त्या बुंध्याला पुन्हा घड येणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, बाजूचे मुनवे पुढे येतात. कर्दळीचंही गणित तेच. एक दांडा आपल्या आयुष्यात एकदाच फुलतो. फरक इतकाच की त्याचं फुलणं हप्त्याहप्त्याने चालतं, आणि म्हणून नेमकं कधी तोडायचं ते कळत नाही.

तुऱ्यातली फुलं खालून वर उमलत जातात. एक फूल एक-दोन दिवस टिकतं, मग ओल्या टिश्यू पेपरसारखं लोळागोळा होऊन खाली लोंबतं. ते दोन बोटांनी ओढून काढा, सहज निघतं. शेजारीच हिरवी कळी दबलेली असते, तिला नख लागू देऊ नका. तुरा संपला असं वाटतं तेव्हा नीट बघा: तुऱ्याचा दांडा जिथून निघाला तिथल्या पानाच्या बेचक्यात दुसरा छोटा तुरा डोकं काढत असतो. म्हणजे पहिली छाट तिथे, त्या नव्या तुऱ्याच्या अगदी वर. दुसरा फुलतो, कधी तिसराही येतो, दर वेळी आधीच्यापेक्षा लहान. बेचक्यात काही दिसेनासं झालं की त्या दांड्याचं काम संपलं. आता पानं कितीही हिरवी असोत, जमिनीपासून दोन बोटं ठेवून तो पूर्ण कापायचा.

इथेच लोक थांबतात. पाच फूट उंच, तजेलदार दांडा कापायचा म्हणजे जिवावर येतं. पण तो उभा राहिला की खालून येणाऱ्या फुटव्याचं ऊन खातो, दोन वर्षांत असे वीस दांडे जमतात, आणि मग "रान माजलंय" ही तक्रार सुरू होते. माझ्या शेजारणीने एकदा अशा माजलेल्या बेटाचे सगळे जुने दांडे जुलैत सपाट कापून टाकले आणि आठवडाभर हळहळत होती. गणपतीत तिच्याकडे सहा तुरे होते.

कापलेले दांडे तुकडे करून तिथेच बुंध्याशी अंथरा, ओल टिकते. पानं धुऊन नैवेद्य वाढायला किंवा इडल्या पात्रात ठेवताना खाली घालायला उपयोगी पडतात. फवारणी केलेली किंवा रस्त्याकडेची मात्र वापरू नयेत.

फूल काढायचं राहिलं तर देशी कर्दळीला धोत्र्याच्या बोंडासारखं छोटं, मऊ काट्यांचं फळ धरतं. बी नको असेल तर तेही काढा. झाडाची ताकद त्यात जाते.

काय बिघडतं

पान उलगडलं आणि त्यावर एका ओळीत, सारख्या अंतरावर, कात्रीने नक्षी कापावी तशी भोकं दिसली, तर आश्चर्य वाटून घेऊ नका. पान सुरळीत असताना अळीने एकदाच आरपार खाल्लेलं असतं, उलगडल्यावर एका भोकाची सहा भोकं होतात. काही अळ्या उलगडलेलं पान पुन्हा दुमडून, धाग्यांनी शिवून आत बसतात. शिवण सोडवा, अळी काढा, झालं. दहा-बारा झाडांना औषध लागत नाही. फारच झालं तर निंबोळी अर्क सुरळीच्या तोंडात ओता, बाहेरून फवारून आतल्या अळीपर्यंत पोचत नाही.

पावसाळ्यात गोगलगायी कोवळे कोंब रात्रीत साफ करतात. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन जायचं, हातमोजे घालून वेचायच्या आणि साबणाच्या पाण्यात टाकायच्या. मिठाचं पाणी वापरलंत तर ते वाफ्यात ओतू नका.

श्रावण-भाद्रपदात पानाच्या मागे नारिंगी भुकटीचे ठिपके आले की तो तांबेरा. तशी पानं कापून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नको. सगळंच बेट लागलं असेल तर पूर्ण कापून टाका, नवे फुटवे बहुधा स्वच्छ येतात. विषाणूची रेघ दिसलेलं झाड गड्ड्यासकट उपटायचं, आणि ज्या विळ्याने ते कापलं तो स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावायचा नाही.

कुंडीत लावणाऱ्यांसाठी

कुंडी चौदा-सोळा इंची, एका कुंडीत एकच गड्डा, जात ठेंगणी. दर वर्षी रिकामी करून पुन्हा भरायची. मी एका टबाची ही भरणी एक वर्ष चुकवली. आधी टब एका बाजूने फुगला, मी तो भिंतीकडे वळवून ठेवला, आणि एका दुपारी तो वरपासून खालपर्यंत तडकला. आत माती जवळजवळ नव्हतीच, गड्ड्यांचा एक चौकोनी ठोकळा होता. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तेवढ्यावरच पोसतात.

गड्डे काढणं

जमिनीतलं बेट दोन-तीन वर्षांनी उपसायचं. मधला भाग जुना होतो, फुलं फक्त कडेने येतात, हीच वेळ झाल्याची खूण. मे महिन्याच्या शेवटी दांडे कापा, बेटापासून वीतभर लांब कुदळीचा पहिला घाव घाला आणि चहूबाजूंनी सैल करत पहार खाली घालून उचला. एका माणसाचं काम नाही. माती झटकली की साखळीसारखे जोडलेले गड्डे दिसतील. जुने, तपकिरी, डोळे नसलेले मधोमध, आणि कडेला पांढरट-जांभळे नवे. नवे घ्या.

उरलेले ओढ्यात, नाल्यात टाकू नका. टाकलेला गड्डा तिथेही रुजतो. दक्षिण आफ्रिकेत ही रानकर्दळ उपद्रवी वनस्पतींच्या यादीत जाऊन बसली आहे.

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांना मात्र हा उपसा दर वर्षी करावा लागतो. पहिल्या हिमाने पानं काळी पडली की दांडे कापून गड्डे काढायचे आणि कोरड्या भुशात किंवा कोकोपीटमध्ये ठेवायचे, जागा थंड पण गोठणार नाही अशी. माझी भाची न्यू जर्सीत खोक्यात भरून तळघरात ठेवते आणि मे महिन्यात बाहेर काढते. पहिल्या वर्षी तिने खोकं गॅरेजमध्ये ठेवलं होतं, ते गोठलं. गोठलेला गड्डा बर्फ उतरल्यावर शिजलेल्या रताळ्यासारखा होतो.

बी लावायची हौस असेल तर

काळं, वाटोळं, छर्र्यासारखं बी, म्हणून इंग्रजीत या झाडाला 'इंडियन शॉट' म्हणतात. त्याच्या जपमाळाही करतात. कवच इतकं कठीण की अर्जेंटिनात एका जुन्या खुळखुळ्यातलं, सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचं बी रुजल्याची नोंद आहे. तसंच मातीत टाकलंत तर तुमचंही बराच काळ थांबून राहील. पॉलिश पेपरवर एका बाजूला घासा, आतला पांढरा ठिपका दिसला की थांबा. रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. जे फुगलं ते अर्धा इंच खोल लावा, जे फुगलं नाही ते पुन्हा घासा. ऊब असेल तर एक-दोन आठवड्यांत कोंब येतो. संकरित झाडाचं बी असेल तर फूल आईसारखं येईलच असं नाही. त्यामुळे बियांच्या कुंड्यांवर रंगाची पाटी लावायची घाई करू नका, त्यांना पहिला तुरा येऊ द्या.